सामाईक भिंत

विद्याधरचा हात रेडिएटरच्या मागे अडकला, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला की असू दे थोडा वेळ तिथेच.

“साबण आण!” तो ओरडला. “नाहीतर तूप आण. बघत काय उभी राहिलीस?”

सासूबाईंच्या खोलीत तो जमिनीवर आडवा पडला होता. गाल भिंतीला चिकटलेला, चष्मा कपाळावर चढलेला आणि उजवा हात कोपरापर्यंत आत. रेडिएटर म्हणजे भिंतीला टांगलेली लोखंडाची चपटी पेटी. बॉयलरमधलं गरम पाणी तिच्यातून फिरतं आणि खोली उबदार राहते. तिच्या मागे हात जेमतेम जाईल एवढी फट असते. शहाणा माणूस तिथे काठी घालतो. विद्याधरने हात घातला होता, आणि त्या हातात ज्योतिषाने सांगितली म्हणून केलेली पोवळ्याची अंगठी होती. ती मागच्या लोखंडी कडीत जाऊन बसली होती.

“अहो, आधी रेडिएटर बंद करू का?” मी विचारलं.

“बंद करून तो गार व्हायला अर्धा तास लागतो. तोवर माझा हात शिजून निघेल. तुम्हा बायकांना शास्त्र म्हणून काही कळतच नाही.”

शास्त्र कळणारा माणूस जमिनीवर पडला होता, म्हणून मी तूप आणायला गेले. सासूबाई खिडकीशी त्यांच्या खुर्चीत बसून हे सगळं पाहत होत्या. त्यांनी मला जाताना हळूच सांगितलं, “घाई करू नकोस गो.”

त्या काळी मी विद्याधरला अहो म्हणत असे. तोंडावर अहो, मनात अरे. पुष्कळ घरांत असंच चालतं.

आम्ही इंग्लंडच्या उत्तरेला, बंद पडत चाललेल्या गिरण्यांच्या एका गावात राहत होतो. एकाला एक चिकटलेल्या विटांच्या घरांची लांबलचक रांग होती आणि आमचं घर तिच्या टोकाला होतं. त्यामुळे आम्हाला शेजार एकाच बाजूचा, मिसेस क्लेग नावाच्या म्हाताऱ्या बाईंचा. सासूबाईंची खोली खाली, मागच्या बाजूला होती, आणि त्यांचा रेडिएटर नेमका मधल्या भिंतीवर होता. विद्याधर नगरपालिकेच्या कचेरीत नकाशे काढायचा आणि सगळ्यांना आपण इंजिनिअर आहोत असं सांगायचा. त्या कचेरीतूनच त्याने एक पत्रक आणलं होतं. रेडिएटरच्या मागच्या भिंतीला चंदेरी कागद लावला की भिंतीत जाणारी ऊब परत फिरून खोलीत येते, असं त्यात चित्रासकट समजावलं होतं. झालं. शनिवारी सकाळी त्याने माझी पोळ्या गुंडाळायची चंदेरी गुंडाळी पळवली, माझ्या दुधाच्या पातेल्यात मैद्याची खळ शिजवली आणि पुठ्ठ्याला कागद चिकटवून तो सासूबाईंच्या खोलीत शिरला.

तूप लावल्यावर हात सुटला. अंगठी आतच पडली. ती काढायला त्याने माझं लाटणं घेतलं आणि मग त्याच लाटण्याने मागून खळ फासलेला पुठ्ठा आत सारून भिंतीला चिकटवायला लागला. हे आधी सुचलं असतं तर तूप वाचलं असतं.

“विद्या,” सासूबाई म्हणाल्या, “त्या भिंतीला नको रे काही लावूस.”

“का?”

“बरं नाही दिसत.”

“रेडिएटरच्या मागे कोण बघायला जातंय आई? आणि थंडी तुलाच वाजते ना? सकाळपासून रात्रीपर्यंत रेडिएटरची चावी शेवटपर्यंत फिरवून ठेवतेस. हा कागद लावला की सगळी ऊब तुझ्याच अंगावर येईल.”

सासूबाई आपल्याच बोलण्यात अडकल्या. मला थंडी फार वाजते, हे त्याच सांगत आल्या होत्या. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यापासून त्यांनी हा धोशा लावला होता. खरं म्हणजे त्या रेडिएटरपासून जास्तीत जास्त लांब, खिडकीच्या फटीशी बसत आणि पदराने वारा घेत. कपाळावर घाम दिसे. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, “म्हातारपणी थंडीचा घामच येतो.” मी विषय सोडून दिला होता.

मी पत्रक वाचलं होतं. माझं इंग्रजी विद्याधरपेक्षा बरं होतं आणि हे त्याला आवडत नसे.

“अहो, यात बाहेरच्या भिंतींना लावा असं लिहिलंय,” मी म्हणाले.

“मग ही कुठली आहे?”

“ही मधली. पलीकडे मिसेस क्लेग राहतात.”

“म्हणजे बाहेरचीच की.”

“बाहेरची म्हणजे रस्त्याकडची. दिवाणखान्यातल्या खिडकीखालची. तिथून ऊब उघड्यावर जाते. तिथे तर तुम्ही काहीच लावलेलं नाही.”

विद्याधर उठून बसला. मूर्ख मुलीला शिकवताना काढतात तसा त्याने आवाज काढला. “रस्त्यावर गेलेली ऊब वाऱ्यावर जाते. ती कुणाला मिळत नाही. या भिंतीतली ऊब थेट त्या बाईच्या घरात जाते. फरक कळतोय का?”

कळला. घरात पैशाची चणचण असती आणि त्यापायी त्याने हे केलं असतं, तर मी स्वतः खळ ढवळत बसले असते. पण आपली ऊब वाया गेली तर त्याची हरकत नव्हती. ती कुणाच्या उपयोगी पडू नये, एवढंच त्याला हवं होतं.

हा रोग घराण्यातला होता. राजापूरकडे त्यांचं आणि चुलतभावांचं घर एका सामाईक भिंतीने जोडलेलं होतं. चुलतभावाने आपल्या बाजूने छत्री टांगायला त्या भिंतीत एक खुंटी ठोकली आणि तिचं टोक या बाजूला आलं. विद्याधरचे वडील कोर्टात गेले. दोन्ही म्हातारे मेले, दावा मेला नाही. दुसरी माणसं आजोबा-पणजोबांचे पराक्रम सांगतात तशी विद्याधर त्या खुंटीची गोष्ट सांगायचा. सामाईक हा शब्द तो महारोग म्हणावा तसा उच्चारायचा. त्याच्या मते भिंतीच्या पलीकडे राहणारा प्रत्येक माणूस खुंटी ठोकायच्या तयारीतच असतो. मिसेस क्लेगना दुधाची बाटली उचलायची तर दोन्ही हात लागत, पण त्याने काही फरक पडत नव्हता.

दुपारपर्यंत काम संपलं. त्याने रेडिएटरच्या वरच्या भिंतीवर तळहात टेकवला आणि त्याचा चेहरा उजळला.

“हात लावून बघ. थंडगार पडली की नाही? एक थेंब ऊब आता पलीकडे जाणार नाही.”

ऊब थेंबांनी मोजतात हे मला तेव्हा कळलं. सासूबाई उठल्या, भिंतीजवळ गेल्या, हात लावला आणि परत खुर्चीत बसल्या.

आमच्या घरात आणखी एक भानगड होती. रोज संध्याकाळी दिवे लागले की सासूबाईंच्या खोलीत ठक ठक असा आवाज यायचा. विद्याधरचं त्यावर ठाम मत होतं. पाइपात हवा धरते आणि ती तापली की पाइप वाजतो. मग तो एक इवलीशी किल्ली घेऊन, खाली बादली धरून, डॉक्टर नाडी बघतो तसा रेडिएटरची हवा काढत बसायचा. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा ठक ठक. पाठोपाठ सासूबाईंच्या हातून पितळेची वाटी कशावर तरी आपटायची. तीसुद्धा दोनदा. “पडली गो हातातून,” त्या म्हणायच्या. वाटी खाली पडलेली मला कधी दिसली नव्हती.

त्या शनिवारी दिवे लागले आणि आवाज आला नाही.

“बघितलंस?” विद्याधर म्हणाला. “कागद लावला आणि पाइपसुद्धा गप्प झाले. शास्त्र आहे हे.”

सासूबाई वाटी मांडीवर घेऊन बसून होत्या. जेवायला बोलावलं तर म्हणाल्या भूक नाही. रविवारीही तेच. बाहेर खिडक्यांवर बर्फाची फुलं धरली होती, गटाराचं पाणी गोठलं होतं, आणि त्या मधूनमधून उठून भिंतीला कान लावत होत्या. ऊब मात्र विद्याधरने सांगितल्याप्रमाणे परत फिरून त्यांच्या अंगावर येत होती. त्यांची चोळी घामाने भिजली होती.

सोमवारी विद्याधर कचेरीत गेला तशी त्यांनी मला हाक मारली.

“शालन, पलीकडे जाऊन ये गो. मागल्या दाराने जा. काहीतरी गरम घेऊन जा.”

“कशाला?”

“जाऊन ये म्हटलं ना!”

त्यांचा आवाज असा कधी चढलेला मी ऐकला नव्हता. मी थर्मासमध्ये आल्याचा चहा भरला, डब्यात सांजा घेतला आणि निघाले.

मिसेस क्लेगचं मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत माझ्या तोंडातून वाफ निघत होती. बाई कोट घालून, लोकरीची टोपी कानांवर ओढून बसल्या होत्या. त्यांची खुर्ची खोलीच्या मधे नव्हती, शेगडीशीही नव्हती. ती मधल्या भिंतीला पाठ लावून ठेवलेली होती. जिथे त्यांचे खांदे टेकत, तिथला भिंतीवरचा फुलाफुलांचा कागद घासून पार गुळगुळीत झाला होता.

मला बघून त्या उठायला गेल्या, पण उठता येईना.

“गेली का ती?” त्यांनी विचारलं.

“कोण?”

“तुझी सासू.”

“नाही हो! घरात बसल्यात. बऱ्या आहेत.”

त्यांनी डोळे मिटले. मी चहा ओतून कप त्यांच्या हातात दिला. बोटं निळी पडली होती. कप धरायला मला त्यांच्या हातांवर माझे हात ठेवावे लागले.

“शनिवारी ठोकायला गेले तर भिंत बर्फासारखी गार,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, गेली. तुमच्या घरी रडारड असेल, आपण कशाला दार वाजवायचं. आणि मग ठोकून तरी काय उपयोग?”

“तुम्ही ठोकता?”

“रोज. ती उलट ठोकते. म्हणजे तीही आहे आणि मीही आहे.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांच्या धुराड्यात पडझड होऊन ते बुजलं होतं. कोळसा पेटवला की धूर खोलीत येई. धुराडं दुरुस्त करणारा माणूस हिवाळा संपल्यावर बघू म्हणाला होता, त्याला एक हिवाळा उलटला होता. गेल्या वर्षी मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना सासूबाई कुंपणापलीकडे दिसल्या. बाईंनी त्यांना खुणेने सांगितलं की तुमच्या भिंतीला पाठ लावली की थोडं बरं वाटतं. आभार मानायला म्हणून सांगितलं होतं, बाकी काही मनात नव्हतं.

“त्याच दिवशी संध्याकाळी भिंत अशी तापली,” मिसेस क्लेग म्हणाल्या, “की मला वाटलं तुमच्याकडे आग लागली. तेव्हापासून ती तशीच होती. शनिवारपर्यंत.”

थंडीचा घाम येतो म्हणणाऱ्या सासूबाई माझ्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. खिडकीच्या फटीशी, पदराने वारा घेत.

“काय झालं पोरी? बिघडलं का काही?”

“बॉयलर बिघडलाय,” मी म्हणाले. खरं सांगायची लाज वाटली. माझ्या अंगावरची शाल त्यांच्या गुडघ्यांवर घातली आणि बाहेर पडले. अंगणात उभी राहून मी रागाने रडले.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. बाईंचा पहिला प्रश्न कोणता होता तेही सांगितलं. त्या खाली बघत वाटी हातात फिरवत राहिल्या.

“तुम्ही मला तरी सांगायचंत,” मी म्हणाले.

“तुला सांगितलं असतं तर तुला नवऱ्यापासून लपवावं लागलं असतं. मी पन्नास वर्षं लपवलंय. मला सवय आहे.” मग थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “गोदावहिनी ठाऊक आहे ना तुला? माझी चुलतजाऊ. खुंटीवाल्यांची.”

“नाव ऐकलंय.”

“आमची भिंत सामाईक, विहीर सामाईक आणि विस्तवही सामाईक. तिची चूल विझली की ती गोवरीवर माझ्याकडून विस्तव न्यायची, माझी विझली की मी तिच्याकडून आणायची. मग ती खुंटी आली. ह्यांनी सांगितलं, त्या घरात आपला विस्तव जाता कामा नये. लोक म्हणतात ना, त्या दोघांत विस्तव जात नाही? लोक आपले बोलण्यापुरतं बोलतात. आमच्यात खरोखरच जात नव्हता.”

मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले.

“आषाढातली गोष्ट. सगळं ओलं. गोदावहिनी मागल्या दारी आली, पदराखाली तान्हं मूल, हातात गोवरी. हे आत पाटावर बसलेले. तिला नाही म्हणायला माझी जीभ उचलेना आणि हो म्हणायची छाती नाही. मग मी काय केलं ठाऊक आहे? चुलीवर घागर उपडी केली. म्हटलं, बघ गो, आमचीच विझलीय. ती चुलीकडे बघत राहिली. वाफ निघत होती अजून. मग गेली. परत कधी आली नाही.” त्यांनी वाटी बाजूला ठेवली. “ही पलीकडची बाई गेल्या वर्षी अंगणात पाठ दाखवून, भिंतीवर हात ठेवून काहीतरी सांगत होती. भाषा मला कळली नाही. विस्तव मागतेय, एवढं कळलं.”

संध्याकाळी विद्याधर आला. बूट पुसत असतानाच सासूबाईंनी त्याला खोलीत बोलावलं.

“विद्या, तो कागद काढ.”

“आता काय झालं?”

“मला उकडतं.”

“परवापर्यंत थंडी वाजत होती!”

मग मी सांगितलं. मिसेस क्लेगची खुर्ची, बुजलेलं धुराडं, निळी बोटं, ठोकणं, सगळं. कुठल्याही माणसाला पाझर फुटावा म्हणून काही वेगळं सांगायची गरज नव्हती. जसं होतं तसं सांगितलं. विद्याधर कोटाची एक बाही काढून ऐकत उभा होता आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा खुलत गेला. वडिलांचा दावा आज निकाली लागल्यासारखा दिसत होता तो.

“म्हणजे वर्षभर ती बाई आपल्या भिंतीवर फुकट शेकत होती! मी म्हणतच होतो. म्हणत होतो की नाही?”

“विद्या, मरेल रे ती.”

“मरायला काय झालं? सरकार बसलंय ना त्यांचं त्यांना सांभाळायला? आणि आई, तू घरातल्या माणसाला फसवून परक्याला ऊब देत होतीस. बाबा असते तर काय म्हणाले असते?”

“ते काय म्हणाले असते ते मला ठाऊक आहे,” सासूबाई म्हणाल्या.

“कागद निघणार नाही. विषय संपला.”

सासूबाई उठल्या. रेडिएटरपाशी गेल्या, वाकल्या आणि दोन्ही हातांनी चावी फिरवून तो पार बंद केला.

“मग मलाही नको,” त्या म्हणाल्या आणि जाऊन बसल्या.

मला वाटलं, आता तरी हा माणूस हलेल. आई आहे, सत्तरीच्या पुढची, बाहेर पाणी गोठतंय. विद्याधरने बंद चावीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि चक्क हसला.

“बरं झालं. बॉयलरला तेवढाच आराम. वाजली थंडी की लावशील आपणहून.”

आणि तो दिवाणखान्यात जाऊन खिडकीखालच्या रेडिएटरशी, साऱ्या रस्त्याला ऊब देत, वर्तमानपत्र वाचत बसला. चहा मागितला. मी दिला नाही.

खोली गार व्हायला फार वेळ लागला नाही. सासूबाईंनी त्या हिवाळ्यात पहिल्यांदा शाल अंगावर घेतली. दिवे लागले. भिंत गप्प होती. त्यांचे ओठ थरथरायला लागले, ते थंडीने की कशाने ते मला कळलं नाही, पण त्या चुलीवर त्यांना पुन्हा पाणी ओतायला लागलं एवढं मला दिसलं.

मी हातातल्या बांगड्या उतरवून त्यांच्या मांडीवर ठेवल्या. स्वयंपाकघरातून लाटणं आणलं. जमिनीवर बसून रेडिएटरच्या फटीत ते वरून घातलं आणि जोर लावला. खळ चांगली शिजली होती. पहिल्या झटक्याला पुठ्ठ्याचा नुसता कोपरा निघाला, दुसऱ्या झटक्याला कागद टर्रकन फाटला.

विद्याधर दारात येऊन उभा राहिला. “काय चाललंय? हात लावू नकोस त्याला!”

तो दोन पावलं पुढे आला आणि माझ्या उजेडात उभा राहिला.

“विद्याधर,” मी म्हणाले, “बाजूला हो.”

त्या घराण्यात कुठल्या सुनेने नवऱ्याला नावाने हाक मारलेली भिंतींनीसुद्धा ऐकलेली नव्हती.

“काय म्हणालीस?”

“बाजूला हो म्हणाले. अंधार पाडतोयस.”

त्याने आईकडे पाहिलं. सासूबाई माझ्या बांगड्या मुठीत धरून शांत बसल्या होत्या. मग तो सरकला. इतक्या चटकन सरकला, की इतकी वर्षं खर्ची घातलेल्या माझ्या सगळ्या अहोंचं मला वाईट वाटलं.

पुठ्ठा निघाला, तुकड्यातुकड्यांनी. मी चावी शेवटपर्यंत फिरवली. मग आम्ही दोघी बसून राहिलो. विद्याधर पुन्हा दिवाणखान्यात जाऊन बसला होता. वर्तमानपत्राची पानं विनाकारण जोरात उलटत होती. मधून मधून मी भिंतीला हात लावत होते. आधी काहीच जाणवेना, मग कोमट, मग हात ठेवून राहावंसं वाटावं इतकी ती तापली. सासूबाईंनी शाल काढून घडी केली आणि वाटी उचलली, पण त्यांनी आपणहून ठोकलं नाही. पलीकडून काय येतं त्याची वाट बघत राहिल्या.

आलं. आधी एकदाच, विचारल्यासारखं. मग दोनदा.

सासूबाईंनी भिंतीवर वाटी वाजवली. हातातून पडल्याचं नाटक न करता, घरभर ऐकू जाईल अशी खणखणीत वाजवली.

दिवाणखान्यातून विद्याधरचा आवाज आला. तोवर त्याचं शास्त्र परत आलं होतं.

“पाइपात हवा धरलीय पुन्हा,” तो म्हणाला. “उद्या काढतो.”

“काढ,” मी म्हणाले.